पाटीवर या आठवड्याला कोण

मेरिन हॉकिंगला एका जागी बसणं कधी जमलंच नाही. शाळेत बाईंनी वर्गातल्या खिडक्या उघडायचं आणि लावायचं काम कायमचं तिच्या गळ्यात टाकलं होतं, निदान उठायला निमित्त तरी मिळेल म्हणून. घरी जेवायला बसली की टेबलाखाली तिचा पाय असा हलायचा की मिठाची बाटली सरकत सरकत कडेला यायची. तिचे वडील ग्रॅहम म्हणायचे, "हिला पेरणीयंत्राला जोडा कुणीतरी. डिझेल तरी वाचेल."

अशा मुलीनं पॅरामेडिक व्हायचं ठरवलं, अँब्युलन्समधून धावायचं काम धरलं, यात कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते पदवी मिळाल्यावर. बरोबरीची सगळी मुलं हिरवा गणवेश चढवून रस्त्यावर गेली आणि ही विद्यापीठातच राहिली. ऑनर्स करायला. म्हणजे वर्षभर एकच प्रश्न धरून संशोधन करायचं, मार्गदर्शकाला दाखवायचं, खोडायचं, पुन्हा लिहायचं, आणि हे सगळं खुर्चीत बसून.

"खुर्चीला विचारलंस का?" आईनं, लोईसनं, फोनवर विचारलं होतं.

प्रश्न तिला शेवटच्या वर्षी सापडला होता. एका जिल्ह्याच्या हॉस्पिटलच्या दाराशी ती शिकाऊ म्हणून उभी असताना एक शेतकरी स्वतःची पिकअप चालवत आला, ती फुटपाथवर तिरकी चढवली आणि राखेच्या रंगाचं तोंड घेऊन खाली उतरला. हृदयाचा झटका आलेला माणूस तासाभराच्या अंतरावरून स्वतः गाडी हाकत आला होता. त्याला आत घेताना मेरिननं विचारलं, "अहो, फोन का नाही केलात?" त्यानं ओशाळून सांगितलं, "तुम्हा लोकांना कशाला त्रास?" तो वाचला. पण ते ओशाळणं मेरिनच्या डोक्यातून जाईना. छातीत कळ आलेल्या माणसानं ओशाळावं का?

हे तिनं तिच्या मार्गदर्शक वेस्ना पेरिचला सांगितलं. वेस्ना शिकवायला येण्याआधी अर्धं आयुष्य अँब्युलन्सवर होती. गुडघे गेले म्हणून पुस्तकांकडे वळले, असं ती कुणालाही सांगायची. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग विचार ना लोकांना. वर्षभर विचार."

आणि आता मेरिन विचारत होती, आणि लोक उत्तर देत नव्हते.

तिनं मॅली भागातली तीन लहान गावं निवडली होती. मेलबर्नपासून गाडीनं अर्ध्या दिवसाची वाट, गहू, मेंढ्या आणि लाल धूळ. तिथे पगारी अँब्युलन्स नाही. ती लांबच्या मोठ्या गावातून येते. ती पोचेपर्यंत गावातलेच कुणी स्वयंसेवक, पेजर वाजला की हातातलं काम टाकून शेडमधली गाडी काढतात आणि रोग्याला धरून ठेवतात. तिसरं गाव वॉरिमूट, म्हणजे मेरिनचं स्वतःचं. आणि तिथल्या तीन स्वयंसेवकांपैकी सगळ्यात जुनी लोईस, एरवी शाळेची बस चालवणारी.

"तुझं गाव नको घेऊस," वेस्ना आधीच म्हणाली होती.

"का? मला तिथे सगळे ओळखतात. माझ्याशी बोलतील."

"सगळे ओळखतात म्हणूनच बोलणार नाहीत."

मेरिननं ऐकलं नाही. वेस्नाही फार ताणत नसे. माणसानं स्वतः ठेच खाऊन शिकावं अशा मताची ती बाई.

वॉरिमूटमध्ये मेरिन ज्या घरी जाई तिथे आधी चहा पुढे येई, मग चॉकलेटच्या वड्या, मग खोबऱ्याचा केक. मग ती टेबलावर रेकॉर्डर ठेवी, त्याचा तांबडा दिवा लागे, आणि समोरचं माणूस चर्चमध्ये बसल्यासारखं ताठ होई.

"तुझी आई म्हणजे सोनं आहे बघ," प्रत्येक जण म्हणे.

"ते ठीक आहे, पण तुम्ही फोन करायला वेळ का लावलात?"

"लावला थोडा. आणखी एक वडी घे ना."

परत मेलबर्नला आलं की ही तिसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीखाली गाड्यांचा तळ, आणि रेकॉर्डिंगमध्ये कपबशांचे आवाज. फोनवर मैत्रिणींचे निरोप येत. कुणी महामार्गावर बाळंतपण केलं, कुणी बंद पडलेलं काळीज चालू केलं. मेरिन काय चालू करत होती? खोबऱ्याच्या केकवर तिनं शोधनिबंध लिहिला असता तर एव्हाना पुरा झाला असता. ती उठे, जिना उतरे, गाडीतळाला फेरी मारून पुन्हा जिना चढे. टेबलावर वाक्य तसंच अर्धं पडलेलं असे.

त्यातच अँब्युलन्स सेवेचं बोलावणं आलं. वर्षाच्या मध्यावर नवी भरती आहे, जागा तुमच्यासाठी ठेवली आहे, महिनाअखेरपर्यंत कळवा. ऑनर्स सोडून गेलं तरी कुणी नावं ठेवणार नव्हतं. तिनं ते आईला सांगितलं नाही, वेस्नालाही नाही. पोटात ठेवलं, आणि ते तिथे उड्या मारत राहिलं.

त्या आठवड्यात ती क्लॅरी निश्कीकडे गेली. क्लॅरी म्हणजे वॉरिमूटच्या पश्चिमेच्या रस्त्यावरचा म्हातारा. त्याच्या पणजोबांनी तिथली झुडपं तोडून जमीन काढली होती. मागच्या उन्हाळ्याच्या शेवटी त्याला झटका आला. जगला, पण अर्ध्या काळजानं. कापणीयंत्राची शिडी चढणं आता त्याला होत नव्हतं, आणि फाटकापर्यंत जाताना मध्ये उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसावं लागे.

तांबडा दिवा लागला.

"छातीत दुखायला लागल्यावर तुम्ही काय केलंत, क्लॅरी?"

"बसलो थोडा."

"किती वेळ?"

"थोडा."

"का बसलात?"

क्लॅरीनं विचार केला. "बसावंसं वाटलं."

मेरिननं रेकॉर्डर बंद केला. पायाला मुंग्या आल्या होत्या, डोकं तापलं होतं. ती चहा अर्धा टाकून निघाली. क्लॅरी रीतीप्रमाणे पोचवायला बाहेर आला. ती गाडीत बसली तसा तो खिडकीवर दोन्ही कोपरं टेकून उभा राहिला, जसे तिकडचे सगळे पुरुष उभे राहतात. आधी पावसाचं बोलला. मग पोपटांनी बदामाच्या झाडाची केलेली नासाडी सांगून झाली. मग दूर बघत म्हणाला, "पाटीवर लोईस होती ना त्या आठवड्यात."

मेरिनचा हात किल्लीवर थांबला.

पाटी म्हणजे मारिसेलच्या किराणा दुकानाबाहेर, बर्फाच्या पेटीशेजारी लावलेली लाकडी फळी. वर लिहिलेलं 'या आठवड्याला', खाली एक आकडा, आणि आकड्याला टांगलेलं नाव: लोईस, डगल किंवा शेरिल. काही वर्षांपूर्वी गावात आवई उठली होती की अँब्युलन्स बंद होणार, शेडमध्ये नुसती गाडी आहे, चालवायला कुणी नाही. तेव्हा लोईसनंच फळीला रंधा मारून, निळा रंग देऊन, स्वतःच्या हातानं अक्षरं काढून ती पाटी लावली. आपलं माणूस जागेवर आहे हे गावाला दिसावं, एवढाच हेतू. दूध आणायला आलेलं प्रत्येक माणूस ती वाचून जाई.

"बरं, मग?" मेरिननं विचारलं.

"मग काय? तिच्या शाळेच्या बसची वेळ झालेली. पेजर वाजला तर ती बस सोडून येणार का? पोरांना काय रस्त्यात उतरवणार? म्हटलं, शेवटचं पोर घरी पोचू दे, मग फोन करू. मी मेंढ्यांच्या कोंडवाड्याच्या सावलीत बसून राहिलो." क्लॅरीनं हनुवटी खाजवली. "गेली ना बस समोरून. मी हात केला तिला. तिनं हॉर्न दिला."

आई बस चालवत असते तेवढा वेळ तिचा पेजर डगल मॅकीच्या कमरेला असतो. डगलचं टायरचं दुकान शाळेला लागूनच आहे. आई बसमध्ये चढताना त्याच्या हातात पेजर टाकते आणि उतरली की परत घेते. घरात हे इतकं रोजचं होतं की त्याबद्दल कधी कुणी बोललंही नव्हतं.

"क्लॅरी, बसच्या वेळी डगल असतो. आईच्या जागी."

"असं?" क्लॅरीनं कोंडवाड्याकडे पाहिलं. "ते पाटीवर नव्हतं."

"तुम्ही आत्ता सांगितलंत ते मी लिहून घेऊ का? मघाशी यंत्र बंद होतं, म्हणून तुमची परवानगी हवी."

"नाव घालणार?"

"नाही."

"लोईसला कळेल?"

"नाव नसलं तरी कळेल."

"मग तू जाऊन सांग," क्लॅरी कोपरं उचलत म्हणाला. "छापलेल्या कागदातून कळू देऊ नकोस. शोभत नाही ते."

त्यानंतर मेरिन चहा झटपट संपवायला लागली आणि गाडीपाशी रेंगाळायला. खिडकीवर कोपरं टेकली की लोक बोलत. डगलच्या आठवड्यात एकीनं नवऱ्याला सोफ्यावर झोपवून ठेवलं होतं, कारण पेरणीचे दिवस, डगलकडे ट्रॅक्टरची रांग. शेरिलचं नाव होतं तेव्हा कुणी पडलेल्या सासूला तसंच जमिनीवर पांघरूण घातलं, कारण शेरिलची आई आजारी, बिचारीची झोप तरी होऊ दे. गाव माणसावर माया करत होतं आणि माया करता करता दुखणी दाबून बसत होतं. नाव नसतं तर त्यांनी अँब्युलन्सचा तीन शून्यांचा नंबर फिरवला असता, येईल त्याला दार उघडलं असतं. नाव होतं म्हणून आधी त्या नावाची सोय पाहिली.

इतर दोन गावांत पाटी नव्हती. तिथे फोन लवकर झाले होते. सगळेच नाहीत, पण पुष्कळ.

हे ऐकून वेस्ना खुर्चीत मागे रेलली. "मेरिन, हे खरंच काहीतरी आहे गं."

"ती पाटी माझ्या आईनं केलीये."

"ठाऊक आहे."

"ती हे ऐकून सोडून देईल. मग उरले दोघं. दोघांवर वरचे साहेब तुकडी चालवू देत नाहीत. शेडला कुलूप लागेल."

वेस्ना तिच्या दुखऱ्या गुडघ्यावरून हात फिरवत राहिली. "गाव वगळता येईल तुला. दोन गावांवरही निबंध होईल. जरा पातळ होईल, पण पास होशील."

"आणि वॉरिमूटचे लोक?"

"ते थांबतील. जसे थांबतात तसे."

तेव्हा मेरिनला पहिल्यांदा वाटलं की ती भरतीची जागा आपण पोटात कशासाठी जपून ठेवली आहे ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे. तिथे गेलं की हे कुणाला सांगावं लागणार नव्हतं.

पुढच्या शनिवारी ती वॉरिमूटला गेली. फुटबॉलचा दिवस होता, सगळं गाव मैदानाभोवती गाड्या लावून बसलेलं. लोईस क्लबच्या कँटीनमध्ये पावांच्या चळतींसमोर उभी होती, कमरेला पेजर, हातात लोण्याची सुरी. तिनं मुलीकडे न बघताच दुसरी सुरी पुढे केली.

"कडेपर्यंत लाव. मागच्या वेळी तू मधेच टिकली लावल्यासारखं लावलं होतंस."

मेरिननं दोन-चार पाव लावले. तिसरीकडे बघत, पावाशी बोलावं तसं तिनं सांगायला सुरुवात केली. कुणाचं नाव घेतलं नाही. लोक पाटी वाचतात आणि थांबतात, एवढंच. डगलच्या वेळीही, शेरिलच्या वेळीही. आणि आईच्या आठवड्यात, बसच्या वेळी.

"बसच्या वेळी डगल असतो," लोईस म्हणाली.

"लोकांना माहीत नाही."

"सगळ्यांना माहीत आहे!"

"कुणालाही माहीत नाही, आई. आपल्या घरात माहीत आहे."

लोईसची सुरी चालतच होती. बाहेर गोल झाला असावा. सगळ्या गाड्यांचे हॉर्न एकदम वाजले. त्या आवाजात लोईस थांबली. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलेलं मेरिनला दिसलं.

"क्लॅरी," लोईस म्हणाली.

मेरिननं पुढचा पाव ओढला.

"तू बोलू नकोस, तुझ्या तोंडावरच दिसतंय. तो कोंडवाड्यापाशी बसला होता. मला वाटलं, काय आरामात बसलाय म्हातारा. मी हॉर्न दिला त्याला." तिनं सुरी खाली ठेवली. "मी हॉर्न दिला त्याला, मेरिन."

"तुला कसं कळणार होतं?"

"कळायला पाहिजे होतं. वीस वर्षं मी दुसरं काय करतेय?" तिनं कमरेचा पेजर काढला आणि लोणी लावलेल्या पावांच्या मधोमध ठेवला. "हे लिहिणार तू?"

"हो."

"सगळं?"

"नावं सोडून सगळं."

"शाबास," लोईस म्हणाली. त्या शब्दात शाबासकी मुळीच नव्हती. "एवढं शिकवलं ते याच्यासाठी. जा आता, बाहेर जाऊन मॅच बघ. इथे मला जागा पुरत नाही."

मेरिन निघाली तेव्हा आई ओट्याकडे तोंड करून उभी होती आणि भरलेली सँडविचं पुन्हा पुन्हा सारखी करत होती.

मंगळवारी डगलचा फोन आला. "तुझ्या मातोश्रींनी पेजर माझ्या टायरांवर आणून ठेवलाय. म्हणतात, मला नको. मी म्हटलं, लोईस, मलाही दोन नकोत, माझी पँट खाली येते." तो हसला, पण उगाच. "वरच्या साहेबांना महिनाअखेर कळवायला लागेल गं मला. दोघांवर ते बंद करतील. काय झालंय काय तिला?"

"मी काहीतरी सांगितलं तिला, डगल."

"मग नव्हतं सांगायचंस."

वाईट हेतूनं बोलणारा माणूस नव्हता तो, पण मेरिन त्या वाक्यासह दिवसभर गाडीतळाला फेऱ्या मारत राहिली. सरळ होतं सगळं. गाव निबंधातून काढायचं, आईला सांगायचं की काढलं, भरतीला हो म्हणायचं, आणि पहिल्या आठवड्यात कुठल्या तरी महामार्गावर कुणाचं तरी काळीज चालू करायचं. लोकांना अँब्युलन्स उरेल. थांबायची सवयही उरेल. ती दोन्ही पारडी हातात घेऊन चालत होती आणि कुठलंच खाली बसत नव्हतं.

तिनं आईला फोन केला. उचलला नाही. ग्रॅहमनं उचलला. "बरी आहे. पडदे धुतले तिनं. सगळे. शेडमध्येसुद्धा पडदे होते हे मला आज कळलं."

शेवटी मेरिननं काही मोठं ठरवलं असं नाही. तिच्या समोर क्लॅरीचं लिहून घेतलेलं बोलणं उघडं होतं, 'ते पाटीवर नव्हतं' या वाक्यापाशी, आणि ते वाक्य तिला खोडता येईना. एवढंच झालं. तिनं भरतीला नकार कळवला, वर्षअखेरच्या तुकडीत घ्या असं लिहिलं आणि वॉरिमूटचं प्रकरण लिहायला बसली. दारातून जाता जाता वेस्नानं विचारलं, "बसलीस?" मेरिन म्हणाली, "बसलेय," आणि लगेच उठून उभी राहिली.

लोईसचा फोन आला तो चार दिवसांनी, बस धुण्याच्या वेळेला. मागे पाण्याचा आवाज येत होता.

"तुझ्या क्लॅरीनं काल माझी बस थांबवली."

"मी कुणाचंही नाव घेतलेलं—"

"गप्प बस गं. पश्चिमेच्या रस्त्यावर मधोमध उभा राहिला, हात पसरून, मेंढरं अडवल्यासारखा. मी ब्रेक मारला तर सगळी पोरं पुढच्या सीटवर. फाटकापासून रस्त्यापर्यंत तो मध्ये दोनदा बसला होता, मी लांबून बघत होते. पायरी चढता येईना त्याला. खालूनच ओरडतो, 'लोईस, तू सोडलंस म्हणे!' मी म्हटलं, 'हो, सोडलं, आत जा, ऊन आहे.' तर म्हणतो, 'पुढच्या वेळी दुखलं तर मी कुणासाठी थांबू?'" पाणी बंद झालं. "सगळी पोरं कान टवकारून. मी म्हटलं, 'कुणासाठीही थांबू नकोस, मूर्खा!' असं ओरडले की मागच्या सीटवरचं धाकटं रडायला लागलं."

"मग?"

"मग काय. तो म्हणाला, 'हेच आधी सांगायचं होतंस.' आणि गेला बसायला त्याच्या बादलीवर."

पाणी पुन्हा सुरू झालं.

"तुझं ते यंत्र घेऊन ये," लोईस म्हणाली. "माझंही बोलणं घे. गावाचं घेतलंस, तर पाटी लावणारीचं का नाही?"

"मला तुझी मुलाखत घेता येणार नाही, आई. नियम आहे. मी मुलगी आहे."

"मग ज्याला येते त्याला घेऊन ये."

म्हणून वेस्ना पेरिच गुडघ्यांना पट्टे बांधून वॉरिमूटला आली. स्वयंपाकघरात ती आणि लोईस समोरासमोर बसल्या, दार लागलं, आणि मेरिनला अंगणात पिटाळलं गेलं. ग्रॅहम पेरणीयंत्राखाली पाठीवर झोपला होता. ती त्याला हत्यारांच्या पेटीतले पाने देत राहिली, बहुतेक चुकीचे. आतून आईचा आवाज येत होता, शब्द नाहीत. आवाज एका सुरात चालला होता, मग बंद झाला. मेरिन खिडकीकडे दोन पावलं गेली.

"इकडे ये," यंत्राखालून ग्रॅहम म्हणाला. "तिथे तुझं काम नाही."

"ती गप्प का झाली?"

"विचार करत असेल. करू दे. इथे धर हे."

"मी आत असते तर—"

"तू आत असतीस तर ती तुला खायला घालत बसली असती. धर म्हटलं ना."

मेरिननं धरलं. हातात ते लोखंड उन्हानं तापलेलं होतं आणि ती ते या हातातून त्या हातात करत राहिली. आतला आवाज पुन्हा सुरू झाला, आता खालच्या पट्टीत. एकदा वेस्नाचं हसणं आलं. एकदा आईचं नाक शिंकरणं. आई काय सांगत असेल? लोकांवर चिडली असेल की स्वतःवर? हे शब्द पुढे केव्हातरी टाइप होऊन मेरिनपुढे येणार होते, वर नाव नसलेले, आणि तिला ते परक्या बाईचे म्हणून वाचावे लागणार होते. वाचता येतील का, तिला ठाऊक नव्हतं.

दार उघडलं. लोईसचे डोळे लाल होते आणि आवाज नेहमीचा होता.

"तुझी ही वेस्ना चहात दूध फार घालते," ती म्हणाली.

"काय सांगितलंस?"

"विचारायचं नसतं. तुमचाच नियम ना?" तिनं ग्रॅहमच्या पेटीतून पेचकस उचलला. "चल दुकानात. शिडी धरायला कुणीतरी लागेल."

बर्फाच्या पेटीशेजारी लोईस शिडीवर चढली. वरचे दोन स्क्रू सहज निघाले, खालचे रंगात चिकटून बसले होते. गॅसची टाकी न्यायला आलेले लोक थांबून बघू लागले. मारिसेल हात पुसत बाहेर आली.

"पाटी कुठे चाललीस घेऊन?"

"जाळायला."

"डगलनं सांगितलं, तू परत आलीस. सोमवारपासून तू का?"

लोईस उत्तर न देता स्क्रूशी झटत होती.

"अगं, निदान एवढं तरी सांग," मारिसेल म्हणाली. "नाव नसलं तर आम्हाला कळणार कसं कोण येणार ते?"

"फोन केलात की दारात दिसेल," लोईस म्हणाली. "मेरिन, शिडी धरलीयेस की नाचतेयस? हलतेय सगळी."